दुखावलं त्याने, पण मेसेज मी लिहिला

गोदाकाठची | ११ फेब्रुवारी, रात्री ११.२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. आम्ही दोघंच भावंडं, दादा आणि मी. वडील २०१८ साली गेले, वर्षभराने मी जमिनीतला माझा वाटा सोडला, हक्कसोड करून दिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. द्राक्षबाग दादाच्या कष्टावर उभी आहे, मला त्यातलं काही नको होतं. आई शेवटची दीड वर्षं माझ्याकडे होती, डायलिसिससाठी. आठवड्यातून दोनदा तिला घेऊन जायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं, परत आणायचं. तक्रार म्हणून सांगत नाहीये, पुढचं कळावं म्हणून सांगते.

नोव्हेंबरात गावी आईचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्या होत्या. ओट्यावर चुलते, मामा, गावातली चार माणसं बसलेली. कुणीतरी मला म्हणालं, "ताई, तुम्ही मोठं मन दाखवलं हो." त्यावर दादा म्हणाला, "मोठं मन कसलं, सीझनला पेट्या न्यायला बरोबर येते की!"

लोक हसले. मी आत गेले आणि मोरीपाशी एकच पातेलं किती वेळ घासत बसले ते मला आठवत नाही. वहिनीने शेवटी हातातून काढून घेतलं.

त्या रात्री नाशिकला परत आल्यावर बारा वाजून गेले होते. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोठा मेसेज लिहिला. ग्रुपमध्ये ६४ माणसं आहेत. लिहिलं की दादाचं सोसायटीचं कर्ज थकलंय. लिहिलं की वहिनीचं सोनं गहाण पडलंय. ही गोष्ट वहिनीने मला आईच्या डायलिसिसच्या वेळी, त्याच बाकावर बसून, "कुणाला बोलू नका" म्हणून सांगितली होती. आणि शेवटी लिहिलं की मी हक्कसोड रद्द करणार.

सकाळी डिलीट केला. तोवर व्हायचं ते झालं होतं. पुतण्याची सोयरीक दिंडोरीकडे जवळजवळ ठरली होती, मुलीची एक चुलती त्याच ग्रुपात आहे. आठ दिवसांनी निरोप आला, "यंदा थांबू." कारण सांगितलं नाही, पण कारण सगळ्यांना माहीत आहे.

तीन महिने ही गोष्ट मी अनेकांना सांगितली. प्रत्येक वेळी शेवट एकच, "आणि मग माझा तोल गेला." परवा हे वाक्य म्हणताना माझीच मला लाज वाटली. राग येतो, तोल जातो, तोंडातून शब्द निघून जातो. सगळं आपोआप होतं, त्यात मी कुठेच नसते. पण तो मेसेज लिहायला मला वीस मिनिटं लागली होती. 'थकबाकी' हा शब्द चुकला होता, मी मागे जाऊन तो दुरुस्त केला होता. तोल गेलेलं माणूस शुद्धलेखन दुरुस्त करत नाही.

सांत्वन मैत्रिणींनी खूप केलं. मला विचारायचंय ते वेगळं. दादा बोलला ते चूकच होतं आणि ते अजून दुखतंय. ते दुखत असताना, त्याने माफी मागितलेली नसताना, माझ्या वाट्याचं मी कसं निस्तरू?

---

कॉलेजरोड_७६ | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

ताई, तुम्ही स्वतःला फार छळताय. ज्या भावाने आईच्या श्राद्धाच्या दिवशी चार लोकांत असं बोलावं, त्याने आधी तुमच्या पाया पडावं. टाळी एका हाताने वाजत नाही. त्याने सुरुवात केली नसती तर तुम्ही लिहिलं असतं का?

---

गोदाकाठची | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

नसतं लिहिलं, हे खरं. पण वहिनीने काय सुरुवात केली होती? पुतण्याने? तो तर त्या दिवशी पंगतीत वाढत होता.

---

सातपूर_पहिली_पाळी | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.१५

शिफ्ट संपवून लिहितोय. मी एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिथली एक गोष्ट सांगतो.

ग्राहकाकडून रिजेक्शनची तक्रार आली की आम्ही पहिल्या दिवशी कारण शोधत नाही. पहिलं काम म्हणजे माल अडवायचा. गोदामातला, गाडीत चढलेला, वाटेतला. याला कंटेनमेंट म्हणतात. चूक मशीनची, ऑपरेटरची की कच्चा माल देणाऱ्याची, तो तपास पुढे होतो आणि नीट होतो. पण "चूक सप्लायरची आहे" असं म्हणत खराब माल जाऊ दिला, तर त्याचा जाब आम्हालाच विचारतात.

हे मला कंपनीत २२ वर्षं कळत होतं, घरी कळत नव्हतं. एकदा माझ्या वरिष्ठाने दहा लोकांसमोर माझा रिपोर्ट टेबलावर फेकला. मी तिथे गप्प बसलो. घरी आलो, मुलाने गणिताची वही दाखवली आणि मी ती फेकली. अगदी तशीच, मनगटाला तसाच झटका देऊन. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आज तो कॉलेजला आहे आणि अजून मला वही, निकाल, काहीच दाखवत नाही. आईला दाखवतो.

त्या वरिष्ठाने माझा अपमान केला याबद्दल मला आजही शंका नाही. पण मुलाची वही त्याने फेकली नव्हती.

तुमचा माल अजून वाटेत आहे, ताई. भावाने माफी मागितली की नाही हा तपास नंतर करा. वहिनी आणि पुतण्या यांचं नुकसान रोज वाढतंय, आधी ते अडवा.

---

वाचनमात्र_होते | १२ फेब्रुवारी, रात्री १०.३०

इथे सहसा लिहीत नाही, पण या विषयावर गप्प राहवत नाही.

'आपल्या वागण्याची जबाबदारी घ्या' हे वाक्य मी माझ्या लग्नाची अकरा वर्षं ऐकलं. मारून झाल्यावर नवरा म्हणायचा, तू उलट बोललीस त्याची जबाबदारी घे. सासू म्हणायची, तुझ्या माहेरी फोन केलास त्याची जबाबदारी घे. मी घेत गेले. शेवटी कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तक्रार केली आणि बाहेर पडले. त्यालाही लोकांनी 'तिने रागात घर मोडलं' असं नाव दिलं.

म्हणून सांगते, दुखावलेल्या बाईला जबाबदारी शिकवताना सांभाळून. स्वतःला वाचवण्यासाठी केलेलं आणि समोरच्याला लागावं म्हणून केलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याची माफी मागायची नसते. कधीच नाही.

गोदाकाठची, तुमचं कुठलं होतं हे तुम्हालाच ठाऊक.

---

गोदाकाठची | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

रात्री तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुम्ही बाहेर पडलात हे फार बरं केलंत.

माझं दुसरं होतं. वाचवण्यासारखं त्या रात्री काही नव्हतं. मी माझ्या घरी, माझ्या पलंगावर सुरक्षित बसले होते. आईच्या आजारपणाबद्दल, बाकावरच्या तासांबद्दल लिहिलं असतं तर ते माझ्या बाजूने बोलणं झालं असतं. मी ते लिहिलंच नाही. त्याचं काय उघडं पडलं तर त्याला सर्वात जास्त लागेल, हे शोधून तेवढंच लिहिलं.

---

दुसरी_बाजू | १३ फेब्रुवारी, दुपारी १.१०

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती पद्धत रुजवली. तिचा गाभा असा, की घटना आणि आपलं वागणं यांच्या मध्ये एक जागा असते. घटनेचा आपण काय अर्थ लावला आणि जगाकडे कसला हट्ट धरला, ते त्या जागेत घडतं. "दादाने असं बोलायला नको होतं" ही इच्छा आहे, तिच्यातून दुःख येतं आणि ते दुःख योग्यच आहे. "त्याने असं बोलताच कामा नये आणि बोलला तर त्याला अद्दल घडलीच पाहिजे" हा हट्ट आहे. ६४ जणांपुढे गेलेला मेसेज या दुसऱ्या वाक्यातून आला.

रागाच्या भरात नाडी शंभरच्या वर गेली की समोरच्याचं धड ऐकूही येत नाही. म्हणून नवरा-बायकोच्या भांडणात निदान वीस मिनिटं बाजूला व्हा असं सांगतात. पण ती वीस मिनिटं आपण काय करतो यावर सगळं आहे. तुमच्याकडे तर दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचा वेळ होता. त्या वेळात राग शमला नाही, कारण तुम्ही रवंथ करत होतात. तेच वाक्य, तेच हसू, पुन्हा पुन्हा. गुरांचं रवंथ पचण्यासाठी असतं. माणूस अपमान चघळतो तेव्हा तो पचत नाही, ताजा होत जातो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. "मी चुकीचं केलं" आणि "मी वाईट बाई आहे" ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिल्यावर काहीतरी करता येतं. दुसऱ्यात माणूस रुतून बसतो आणि मग समोरच्यांनाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. तुम्ही वहिनीकडे जाऊन ढसाढसा रडलात तर पुन्हा तिलाच तुमचे डोळे पुसावे लागतील. तेवढं टाळा.

झोप लागत नसेल, सतत तेच डोक्यात येत असेल तर १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

---

मेनरोडची_वकील | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

फक्त हक्कसोडापुरतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तुमचा हक्क होता आणि तुम्ही तो जाणूनबुजून सोडलात. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र राग आला म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात दाखवावा लागतो आणि तसं काही नव्हतं हे तुम्हीच वर लिहिलंय. म्हणजे ती धमकी पोकळ होती, पण भावाला आणि सावकाराला ते कुठे माहीत? जमिनीवर दावा येणार अशी नुसती कुजबुज झाली तरी पैसा उभा करणाऱ्याची अडचण होते. तेवढं एक वाक्य तरी स्पष्ट शब्दांत मागे घ्या.

---

बागायतदार_पिंपळगाव | १३ फेब्रुवारी, रात्री ९.४५

ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे त्याच्यासारखाच बागवाला. त्याच्या बोलण्याचं समर्थन करत नाही. बहिणीला पेटीवरून बोलणं हे आमच्यात फार हलकं समजतात.

पण तुमच्या मेसेजचं गावात काय होतं ते सांगतो. बाग उभी करायला ऑक्टोबर छाटणीपासून एकरी लाखांत खर्च होतो. औषध दुकानाची उधारी, मजुरांची उचल, सगळं शब्दावर चालतं. पावसाने डाउनी (बुरशीचा रोग) आली, मणी तडकले तर तो सगळा खर्च मातीत जातो. शेतकऱ्याकडे पैसा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी उघड बोलत नाही, त्या न बोलण्यावरच त्याची पत टिकते. नोव्हेंबरात, म्हणजे बाग ऐन फुलोऱ्यात असताना, तुम्ही ते झाकण काढलंत. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने त्याला औषध उधार दिलं असेल का, याचा विचार करा.

आता एक व्यवहाराचं. सध्या जाऊ नका. काढणी चालू आहे, व्यापारी दारात आहेत, ३१ मार्चला सोसायटीचा भरणा आहे. आत्ता त्याच्या डोक्यात तुमची माफी शिरणार नाही. एप्रिलात काढणीनंतरची खरड छाटणी सुरू झाली की जा. बसने जा, चालत बागेत जा. फोनवर नको आणि भावकी गोळा करून तर मुळीच नको.

---

त्र्यंबकची_वाट | १४ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

गेल्या महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी गेलो होतो, म्हणून हे मनात आलं.

ज्ञानदेवांना कुणीतरी टाकून बोललं आणि ते ताटी लावून आत बसले, अशी कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. बाहेर धाकटी मुक्ताई उभी. ती ज्ञानदेवांना असं म्हणत नाही की तुला कुणी काही बोललंच नाही. जग आग झालंय हे ती मान्य करते. आणि तरीही म्हणते, तू पाणी हो, ताटी उघड. मोठ्या भावाला हे सांगायला धाकटी बहीण लागली.

तुमच्याकडे ताटी दोन्ही बाजूंनी लागलेली दिसते. तुमच्या बाजूची कडी तुमच्या हातात आहे.

---

गोदाकाठची | १५ फेब्रुवारी, रात्री १०.००

सगळ्यांचं वाचलं. एप्रिलपर्यंत थांबते. पण वहिनीला चिठ्ठी लिहून ठेवावी असं वाटलं, बोलताना गडबडले तर हातात असावी. मसुदा टाकते, सांगा:

"वहिनी, त्या दिवशी दादाच्या बोलण्याने मला इतका त्रास झाला की माझ्याकडून नको ते लिहिलं गेलं. तुमचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा."

---

सातपूर_पहिली_पाळी | १६ फेब्रुवारी, दुपारी ४.०५

ताई, 'लिहिलं गेलं' नाही. लिहिलंत.

---

वाचनमात्र_होते | १६ फेब्रुवारी, दुपारी ४.५०

'दुखावलं असेल तर' यातला 'तर' काढा. दुखावलंच आहे. आणि पहिलं अर्धं वाक्य दादाबद्दल का आहे? वहिनीच्या चिठ्ठीत दादाला आणू नका. मला पूर्वी अशा 'तर' वाल्या माफ्या खूप मिळाल्यात. त्या ऐकून उलट जास्त एकटं वाटतं.

---

मेनरोडची_वकील | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ७.२०

'नको ते' म्हणजे काय तेही लिहा. मोघम कबुली ही कबुली नसते.

---

गोदाकाठची | १६ फेब्रुवारी, रात्री ११.१५

दोन तास लागले. आता एवढंच उरलंय:

"वहिनी, सोन्याची गोष्ट तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून सांगितली होती. ती मी ग्रुपवर लिहिली. तुमच्या पोराची सोयरीक त्यामुळे थांबली. मी हे केलं. मला माफ करा असं म्हणते, पण ते कधी करायचं, करायचं की नाही, हे तुमच्याकडे."

लिहिताना प्रत्येक ओळीला हात दादाचं नाव लिहायला जात होता. तेवढं नाव काढलं की मला उघडं पडल्यासारखं होत होतं.

---

कॉलेजरोड_७६ | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

मी पहिला प्रतिसाद दिला होता. तेव्हा मला वाटलं होतं की तुमची बाजू घ्यायची म्हणजे भावाला दोष द्यायचा. ही चिठ्ठी वाचून मला माझ्या नणंदेशी झालेलं एक जुनं प्रकरण आठवतंय. आत्ता इथे लिहीत नाही. पण चिठ्ठी चांगली आहे.

---

गोदाकाठची | २२ एप्रिल, रात्री ९.३०

जाऊन आले. कुणी कुणी मेसेज करून विचारत होतं, म्हणून लिहिते.

निमाणीवरून सकाळची बस पकडली. चांदोरी मागे पडली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं. घरी न जाता सरळ बागेत गेले. खरड छाटणी चालली होती, तोडलेल्या काड्यांचा पायाखाली खच, वेली नुसत्या ओंडक्यासारख्या उभ्या. दादा कात्री घेऊन एकेक काडी एक डोळा राखून तोडत होता. मला बघून थांबला नाही.

मी म्हटलं, "दादा, ग्रुपवर ते मी लिहिलं. रागात होते, पण विचार करून लिहिलं. हक्कसोडाचं बोलले ते खोटं होतं, मी कुठेही जाणार नाही." एवढंच ठरवलं होतं, तेवढंच बोलले. तू काय बोललास, ते बोलायचं नाही असं ठरवलं होतं. जिभेवर आलं होतं.

त्याने चार-पाच काड्या आणखी तोडल्या. मग म्हणाला, "औषधवाल्याने पैसे आगाऊ मागितले मला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा." पुढे काही नाही. बागायतदार दादा, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

मी विचारलं, ग्रुपवर माफी टाकू का? 'हक्कसोडाचं टाक, बाकीचं काढू नको, लोक पुन्हा चघळतील,' म्हणाला. हे बरं झालं विचारलं. मी तर नाशिकहून निघतानाच मोठा माफीनामा टाइप करून ठेवला होता. तो पुसला. हक्कसोड कायम आहे, तसं लिहिणं माझी चूक होती, अशा दोन ओळी त्याच्यासमोर टाकल्या.

वहिनीने चिठ्ठी वाचली, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली. "पुन्हा तुम्हाला काही सांगवणार नाही मला, एवढं खरं," म्हणाल्या. मी हो म्हटलं. चहा केला, आम्ही दोघी प्यायलो. मी रडले नाही, 'दुसरी_बाजू' यांचं आठवलं.

पुतण्या घरात होता. "आत्या, आत्ता नको," म्हणून बाहेर निघून गेला. त्याला दिंडोरीची मुलगी मनापासून आवडली होती, हे मला वहिनीकडून त्या दिवशी कळलं. मुलीच्या चुलतीला मी स्वतः भेटू का, असं विचारलं. तो मुलगा हो म्हणेल तेव्हाच, असं वहिनी म्हणाल्या.

दादाने माफी मागितली नाही. पेटीचं वाक्य मला अजून दुखतं, निघताना बसस्टँडवरही दुखत होतं. ते मी त्याला सांगणार आहे, पण वेगळ्या दिवशी. हे आणि ते एका बैठकीत केलं तर पुन्हा हिशोब मांडल्यासारखं होईल.

---

वाचनमात्र_होते | २२ एप्रिल, रात्री ११.१०

पुतण्याला फोन करू नका. पण तुम्ही आहात हे त्याला कळू द्या.

---

गोदाकाठची | २३ एप्रिल, सकाळी ६.४०

तो दर बुधवारी कामासाठी नाशिकला येतो. पूर्वी जेवायला माझ्याकडेच यायचा. काल बुधवार होता. मी त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. पुढच्या बुधवारीही ठेवेन.